लोलाबाईंचं मृत्युपत्र

माझे वडील तलाठी होते. त्यामुळे जुनं घर दिसलं की तुळया-खांब नंतर. आधी मनात येतं, हे कुणाच्या नावावर? बर्मिंगहॅमला आल्यापासून ही खोड वाढलीच आहे. या भागात चार-पाचशे वर्षांची घरं खेडोपाडी उभी आहेत आणि त्यांतल्या काहींत आपल्याला खुशाल आत शिरून सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, मागवता येते.

ईव्हशमजवळच्या ब्रेटफर्टन गावातला 'द फ्लीस इन' हा त्यातला माझा सगळ्यात लाडका पब. बर्ड नावाच्या खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याने पंधराव्या शतकात हे घर बांधलं, तेव्हा माणसं आणि गुरं एकाच छपराखाली राहायची. पुढे पिढ्यान्‌पिढ्या ते शेतकऱ्याचंच घर होतं. १८३० साली कायदा झाला: दोन गिनी (तेव्हाचं इंग्रजी चलन) भरा, परवाना घ्या आणि घरात बिअर विका. खेड्यापाड्यांत अशी घरं उघडली. या घराला दारूचा परवाना १८४८ मध्ये मिळाला, तो काढला हेन्री बर्ड टॅप्लिनने. म्हणजे पब म्हणून त्याचं वय तसं कमीच.

यानंतरची हकिकत वडिलांना आवडली असती. इंग्लंडातले ढीगभर पब हळूहळू मोठ्या ब्रुअरींनी, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपन्यांनी, विकत घेतले. चालवणारा कूळ, बिअर मालकाचीच घ्यायची, दर मालक ठरवणार. फ्लीस मात्र घराण्यातच राहिला, थेट लोला टॅप्लिनपर्यंत. लोलाबाईंनी १९७७ मध्ये डोळे मिटले आणि पब मृत्युपत्राने नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, दिला. इतक्या शतकांत घराण्याबाहेर गेलेली मालकी एवढीच, तीही विक्रीने नव्हे.

ट्रस्टला १९०७ च्या कायद्याने एक विलक्षण अधिकार आहे: एखादी मालमत्ता अविक्रेय जाहीर करायची. मग ट्रस्टला स्वतःलाही ती विकता येत नाही. आपल्याकडे भावकीत असा फेरफार झाला असता तर निम्मी हयात कोर्टात गेली असती!

बाईंनी एक अट घातली होती म्हणतात: इथे बटाट्याचे वेफर्स विकायचे नाहीत. हसू येतं, पण मला ही अट फार शहाणी वाटते. तिजोरीची किल्ली कुणाकडेही जावो, काउंटरवर काय ठेवायचं ते मीच सांगणार.

आत एका खोलीत प्यूटरच्या, म्हणजे कथलाच्या मिश्रधातूच्या, जुन्या ताटांची मांडणी आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लिश यादवीत राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलच्या सैन्याने सोन्याच्या बदल्यात ती ठेवून दिली, अशी दंतकथा. माझा विश्वास नाही. सैनिक सोनं घेतात, ताटं ठेवत बसत नाहीत. चुलीसमोर चेटकिणींना अडवायला काढलेली वर्तुळं मात्र खरी आहेत. २००४ च्या फेब्रुवारीत गवती छपराला आग लागली, बरंच जळालं. ट्रस्टने दुरुस्ती करून पब पुन्हा उघडला.

आता चालक ट्रस्टचा भाडेकरू आहे. मेअखेरीस अंगणात ॲस्परॅगस या कोवळ्या कोंबांच्या भाजीचा लिलाव होतो, तेव्हा गर्दी मरणाची असते. बसायला जागा हवी असेल तर आधी फोन करा आणि सोबत चिवडा नेऊ नका. वेफर्सची अट चिवड्याला लागते की नाही, हे विचारायची हिंमत मला झालेली नाही.