ओझर सर्किट लॉग : ‘फ्लॅप वर’ म्हटलं, पण केलं का?

हा आठवडा सिमवर (संगणकावरच्या उड्डाण-सिम्युलेटरवर) सेसना १७२ हे छोटं विमान घेऊन ओझरच्या धावपट्टी २७ वर नुसती सर्किट मारली, म्हणजे उडायचं, धावपट्टीभोवती फेरी घ्यायची आणि परत उतरायचं. नाशिकचाच विमानतळ, त्यामुळे मन रमतं.

मंगळवारी चौथ्या टच-अँड-गोला (चाकं टेकवून न थांबता पुन्हा उड्डाण) विमान चढेचना. थ्रॉटल पूर्ण, तरी वेग ६० नॉट्सच्या वर जाईना. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, उतरतानाच्या ३० अंशांवरच राहिले होते; इतके खाली असले की ते विमानाला मागे ओढतात. धक्का याचा बसला की ‘फ्लॅप वर’ असं मी मोठ्यानं म्हटलं होतं, रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येतं. हात मात्र लिव्हरपर्यंत गेलाच नव्हता.

२० ऑगस्ट २००८ ला माद्रिदला स्पॅनएअरचं एमडी-८२ उड्डाण घेताच कोसळलं, १५४ माणसं गेली. शेवटच्या तपासणीत सहवैमानिकानं फ्लॅपचा आकडा उच्चारला होता, पण टेकऑफला लागणारे फ्लॅप बाहेर आलेच नव्हते. इशाऱ्याचा भोंगाही वाजला नाही. हे पूर्वी वाचलं होतं, मंगळवारी ते अंगावर आलं.

आता आधी हात फिरवतो, तपासणीची यादी नंतर वाचतो. हात खालून वर जातो: इंधनाचा नॉब ‘बोथ’वर (दोन्ही टाक्या), ट्रिम (नाकाचा कल स्थिर ठेवणारं चाक), मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण), फ्लॅप, मग डावीकडे दिव्यांची बटणं. यादी वाचताना प्रत्येक वस्तूवर नजर टेकल्याशिवाय पुढची ओळ नाही. १७२ चे पंख डोक्यावर असल्यानं मान मागे वळवली की फ्लॅप खरंच दिसतो. ती मान मी दर वेळी वळवतो.

तपासणी कधी करायची, हे आठवणीवर सोडलेलं नाही. ओझरची समुद्रसपाटीपासूनची उंची जवळपास २,००० फूट, म्हणून सर्किट अल्टिमीटरवर (उंचीमापकावर) ३,००० ला, म्हणजे जमिनीपासून हजारभर फुटांवर. डाउनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट दिशेनं जाताना) धावपट्टीचा मध्य डाव्या पंखाच्या टेकूमागे गेला की पहिली तपासणी. फायनलला (उतरण्यासाठी धावपट्टीच्या रेषेत आल्यावर) २,५०० दिसले की दुसरी, आणि तेव्हा काही राहिलेलं आढळलं तर सरळ गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. टच-अँड-गो तूर्त बंद. पूर्ण थांबतो, फ्लॅप शून्य, ट्रिम टेकऑफवर, मगच थ्रॉटल. वेळ जातो, पण सवय बसेपर्यंत घाई नकोच.

शनिवारी दहा सर्किट झाली. नऊ बिनचूक, एकदा लँडिंग लाइट राहिला आणि तो यादी वाचताना सापडला.

पुढच्या आठवड्यात रात्रीची सर्किट. अंधारात मान वळवून फ्लॅप दिसणार नाही, म्हणून उद्यापासून दिवसाच लिव्हरशेजारच्या दर्शक काट्याकडे बघायचा सराव सुरू.