आधी कोरा पत्रा

काल लॅबमध्ये चार तास नुसता कोरा तांब्याचा पत्रा मोजत बसले होते. तीन महिने खपून आखलेला माझा मेटासरफेस, म्हणजे रेडिओलहरींना हवं तसं परतवणारा, आकृत्या छापलेला बोर्ड, शेजारी टेबलावर पडून. इथला नियमच तसा आहे: नमुना कितीही घाईचा असो, आधी त्याच मापाचा साधा पत्रा लावायचा. सुरुवातीला मला या नियमाचा फार राग यायचा. पत्रा लहर परत फेकतो, यात मोजायचं काय?

माझं काम थोडक्यात सांगते. १० गिगाहर्ट्झची लहर ३ सेंटीमीटरची. तिच्याहून लहान तांब्याच्या आकृत्या बोर्डावर छापायच्या, पाठीमागे अखंड तांबं. आकृतीचे अक्ष येणाऱ्या लहरीशी ४५ अंशांत ठेवले की लहरीचे दोन सारखे घटक पडतात. परावर्तनात त्यांच्या फेजमध्ये, म्हणजे डोलण्याच्या तालात, १८० अंशांचा फरक पाडता आला, की उभी डोलत आलेली लहर आडवी डोलत परतते.

साधा पत्रा असं काही करत नाही. म्हणून उभ्या हॉर्नने (शिंगाच्या आकाराच्या अँटेनाने) लहर पाठवली तर आडव्या हॉर्नमध्ये जवळजवळ काहीच यायला नको. काल आलं उणे २६ डेसिबल! केबल बदलली, कॅलिब्रेशन पुन्हा केलं, आकडा हलेना. इथले टेक्निशियन घरी निघाले होते. माझा चेहरा बघून कोट काढून परत आले आणि हॉर्नच्या फ्लँजवर (जोडणीच्या सपाट कडेवर) डिजिटल लेव्हल टेकवली. हॉर्न ३ अंश कललेला. ३ अंशांचा साइन ०.०५२, म्हणजे बरोबर उणे २६ डेसिबल. तो कल तसाच राहिला असता तर माझ्या नमुन्याच्या प्रत्येक आकड्यात मिसळला असता.

आपल्याकडे, भारतात, आम्ही पत्रा इतक्या निष्ठेने मोजला नाही, हे खरं. पण चेंबर (मोजणीची बंद खोली) एकच आणि रांग मोठी. मिळालेल्या दोन तासांत नमुना मोजायचा की पत्रा? म्हणून गणित कागदावर पक्कं करूनच आत शिरायचो. काल तो साइन मी तोंडी सांगितला, तो त्याच सवयीने.

आणि ध्रुवीकरण, म्हणजे लहरीच्या डोलण्याची दिशा, वळवणं आपल्याला नवं थोडंच आहे? जगदीशचंद्र बोसांनी १८९८ साली पीळ दिलेल्या तागाने ते करून दाखवलं होतं. टेक्निशियनना हे सांगितलं, तर कोट चढवता चढवता थांबून त्यांनी विचारलं, "पीळ उजवा की डावा?"

दोन्ही, म्हटलं. उजव्याने एकीकडे वळतं, डाव्याने दुसरीकडे. मग ते पुन्हा खाली बसले.