तुम्ही विचारलंत म्हणून: त्या बोनेटला भोकं का पाडली

"इतकं गुळगुळीत बोनेट, आणि तुम्ही त्याला ड्रिल लावलंत?" हे मला लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय, इंदूरच्या राजेंद्र नगरच्या गणपतीत विचारून झालंय, हवा भरणाऱ्या पोरानंसुद्धा विचारलंय. मी उत्तर द्यायला लागलो की समोरचा अर्ध्यातच म्हणतो, "पण काच धुणारे नोझल काचेखालच्या जाळीत बसवता आले असते ना?" आणि उत्तर तिथंच राहतं. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

गाडी तुम्ही ओळखता. सिमरोलजवळ रोजडा, म्हणजे नीलगाय, आडवा आला आणि जुनं बोनेट गेलं ती गोष्टही माझ्याकडून नको इतक्या वेळा ऐकली आहे. ते सोडून देऊ. मॉडेल बंद झालेलं, कंपनीचं पत्र्याचं बोनेट कुठं मिळेना, म्हणून फायबरचं मागवलं. त्यात बिजागऱ्यांची भोकं होती, लॉकची जागा होती, आणि वायपरच्या पाण्याचे नोझल कुठं बसवायचे याचा पत्ता नव्हता. साचा काढणारा ते काम गिऱ्हाइकावर सोडतो.

मला तेव्हा ते आवडलं होतं, हे आधी सांगतो. जुन्या बोनेटवरचे ते दोन काळे ठिपके मला कधीच बघवायचे नाहीत. नवं बोनेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साफ. पाण्याची नळी खाली गुंडाळून ठेवली, तोंडात स्क्रू घातला आणि विषय संपवला. त्या वेळचा मी मूर्ख नव्हतो. माझे मुद्दे होते. फायबरला भोक पाडलं की वरच्या थराला बारीक तडे जायची भीती असते, आणि एकदा गेले की रंगाखालून दिसत राहतात. शिवाय इंदूरमध्ये काच धुवायची वेळ येते किती? २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर लावणारं गाव आहे आपलं. सिग्नलला थांबलो की बाटलीतलं पाणी मारायचं, फडकं फिरवायचं, झालं. पाऊस असेल तर पाणी वरूनच येतं. हे सगळं मी लोकांना पटवून द्यायचो, आणि लोकांना पटायचंही. आज तेच लोक उलट विचारतात, याची मला गंमत वाटते. थोडा रागही येतो.

मग भेरूघाट, खंडवा-इंदूर रस्त्यावरचा.

खंडव्याहून मावशीला घेऊन येत होतो. जानेवारी, आदल्या रात्री मावठा पडून गेलेला. तुम्ही त्या रस्त्यानं जात असाल तर चौपदरीकरणानं तिथं काय करून ठेवलंय ते माहीत आहे: खणलेली माती, डंपर, अर्धा रस्ता बंद. बडवाह सोडलं तेव्हा उजेड होता. घाट लागेपर्यंत अंधार पडला. पाऊस नव्हता, हे महत्त्वाचं. रस्ता ओला आणि आभाळ कोरडं. काचेच्या दृष्टीनं याहून वाईट हवामान नाही, कारण चिखल खालून उडतो आणि धुणारं वरून काही येत नाही.

पुढचा डंपर एका खड्ड्यात आदळला आणि त्याच्या मागच्या चाकांनी आमच्या काचेवर चिखल फेकला. थेंब वगैरे नाही, घमेलंभर. मी सवयीनं वायपर लावला. पहिल्याच फेरीत काच शेणानं सारवल्यासारखी झाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हात सवयीनंच दांडीवर गेला, दांडी स्वतःकडे ओढली. पंप घुर्रर्र वाजला. बोनेटखाली, स्क्रू मारलेल्या नळीत.

तेवढ्यात समोरून ट्रक आला. दिव्यांचा उजेड त्या चिखलाच्या थरात असा पसरला की रस्ता, कठडा, ट्रक, काहीच वेगळं दिसेना. सगळं एकच पिवळं. ब्रेक लावला तर मागच्या बसनं हॉर्न धरून ठेवला. घाटात वळणावर उभं राहता येत नाही आणि उतरून काच पुसता येत नाही. बाटलीचं म्हणाल, तर बाटली होती. त्यातलं पाणी मावशीनं चोरल गावात गोळी घेताना संपवलं होतं, पण भरलेली असती तरी मी ती कशी वापरणार होतो? माझ्या सगळ्या युक्तिवादात गाडी उभी असायची. हे मला त्या क्षणापर्यंत कधी दिसलंच नव्हतं.

खिडकी खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि पहिल्या गियरमध्ये चढत राहिलो. डाव्या खिडकीतून मावशी डोकं काढून सांगत होती, "नाली आहे, उजवीकडे घे. अजून घे. बस." पंचाहत्तरीची बाई, डोक्याला स्कार्फ, तोंडावर चिखलाचे शिंतोडे. बसवाला ओव्हरटेक करताना आमच्या सात पिढ्यांबद्दल काहीतरी बोलून गेला. वळण संपल्यावर चहाची एक टपरी लागली. त्या माणसानं न विचारता मगभर पाणी काचेवर ओतलं. असे आम्ही त्याच्याकडे रोज येत असणार.

मावशी इंदूरपर्यंत एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर हिला म्हणाली, "पुढच्या वेळी मला रिक्षा सांग." आजतागायत ती माझ्या गाडीत बसलेली नाही. नोझल दाखवले तरी नाही.

तर, "का" याचं उत्तर हे. आता "कसे", कारण तिथंही टोमणे ऐकतो.

आमच्या डेंटरनं साफ सांगितलं, "भिया, फायबर है, मैं हाथ नी लगाऊँ. चटक गया तो मेरे गले पड़ोगे." त्याचं बरोबर होतं. मग जाळीचा विचार केला, खरंच केला. पण माझ्या गाडीत ती जाळी काचेला इतकी चिकटून आहे की धार जवळजवळ उभी वर जाते, आणि थांबलेला वायपर बरोबर तिच्या आड येतो. वायपरच्या दांडीवर बसणारे नोझल मिळतात. त्यांची बारीक नळी दांडीबरोबर दिवसभर हलणार आणि मे महिन्याच्या उन्हात कडक होऊन तुटणार, म्हणून तेही बाद केले. त्यातला दुसरा अंदाज मी कधी तपासून पाहिला नाही, हे खरं आहे.

जुन्या बोनेटची मागची पट्टी शाबूत होती. तिच्यावरून पुठ्ठ्याचं माप काढलं, नव्यावर ठेवलं, तर नवं मागच्या बाजूला जरा उंच. उंची बदलली की धारेचा कोन बदलतो, म्हणजे माप निरुपयोगी. शेवटी कणकेचा गोळा घेतला, त्यात नोझल रोवला, नळी वरून आणून जोडली, बोनेटवर सरकवत पंप मारत बसलो. "पोळ्या कमी पडल्या तर मला सांगू नका," असं ही म्हणाली. पण जागा अशी सापडली. उभ्या गाडीत धार काचेच्या मध्यापेक्षा थोडी वर पडायला हवी. वेग वाढला की वारा तिला खाली दाबतो. मधोमध लावलेली धार हमरस्त्यावर वायपरच्या पायाशी जाऊन पडते. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आहे, तिथं असल्या गोष्टी शास्त्रशुद्ध तपासत असतील. माझ्या वाट्याला देवासचा रस्ता.

भोक वरच्या, म्हणजे जेलकोटच्या (फायबरवरच्या गुळगुळीत थराच्या) बाजूनं पाडायचं. जागेवर मास्किंग टेप, मागे लाकडाचा तुकडा, ड्रिलचा हॅमर मोड बंद. आधी बारीक बिट, तेही सुरुवातीला उलटं फिरवून, म्हणजे ते जेलकोट घासून काढतं, त्यात घुसत नाही. मग हळूहळू मोठं. तोंडाला मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाहीतर फायबरमधल्या काचेची धूळ रात्रभर खाजवते. बोनेट दुपदरी असेल तर आतल्या पदराला मोठं भोक लागतं, नळी चढवायला बोटं आत गेली पाहिजेत. कडेला रेझिन लावायचं, नाहीतर पाणी थरांमध्ये मुरतं. पत्र्याचं बोनेट असेल तर तिथंच प्रायमर, कारण गंज कडेपासून सुरू होतो. नळी बिजागरीजवळ सैल ठेवायची, आणि बोनेट बंद करून ती मुडपत नाही ना हे पाहायचं. मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकला, म्हणजे पाणी टाकीत परत उतरत नाही आणि दांडी ओढताक्षणी धार येते. घाटात तो एक क्षणच हवा असतो. टाकीत बोअरचं पाणी घालू नका. क्षार बसून नोझलचं तोंड बुजतं. नर्मदेचं घाला.

तडा? गेला आहे. उजव्या नोझलच्या बाजूला, नखाएवढा. तुम्ही बोट ठेवून दाखवता तो. त्याच्याकडे पाहिलं की जुना मी म्हणतो, बघ, सांगितलं होतं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. जाळीखाली एखादा ब्रॅकेट करून नोझल तिरपा बसवला असता तर कदाचित जमलंही असतं. डेंटरला आता तसं वाटतं. आता वाटतं.

ड्रिल मागायला येणाऱ्यांना ड्रिल देईन, ३ मिलिमीटरचं बिट देईन, कणीक घरून आणा. भोक मात्र मी पाडून देणार नाही.