पोळ्याच्या आधी आली होती

गेल्याच्या गेल्या ऊसतोडीच्या सीझनची गोष्ट आहे, लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं. मुलीचं नाव, गाव, कारखाना काहीच लिहीत नाही, त्याची गरजही नाही.

आमचा अभ्यास किशोरवयीन मुलींच्या प्रजनन आरोग्याचा, आणि तोही ऊसतोड कामगारांच्या तळावर. बीड जिल्ह्याची २०१९ ची पाहणी आठवत असेल, ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, त्यावर भरपूर आरडाओरडा झाला, विधिमंडळात गाजलं. आमचं म्हणणं असं की पिशवी काढायची वेळ तिशीत येत असेल तर त्याची सुरुवात कधीतरी पंधरा-सोळाव्या वर्षी होत असणार, पांढरं जाणं, खाज, पाळीतला कपडा, लग्न लवकर, हे सगळं तिथूनच, मग तिथूनच विचारायला लागू. ट्रेनिंगचा पहिला तासच स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीच्या कामावर असायचा, १९८९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेलं, दोन गावं, ६५० बायका, ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग आणि त्याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. मी हे इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन. बायका सांगत नाहीत कारण कुणी विचारत नाही, तेव्हा विचारा, हे माझं ठरलेलं वाक्य.

तर आम्ही विचारत होतो. ७४ प्रश्न, टॅबवर.

तळावरचं गणित वेगळंच असतं. पहाटे तीन-चारला कोयते उसाच्या फडात जातात (कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडीला, एकट्या माणसाला कुणी विचारत नाही). मागे कोप्यांमध्ये, म्हणजे तळावरच्या झोपड्यांत, म्हातारी माणसं, लेकरं आणि आमच्या अभ्यासातल्या मुली, कडेवर भाऊ, चुलीवर भाकरी. अठराच्या खालच्या मुलीला काही विचारायचं तर आईबापाची संमती हवी आणि वर तिची स्वतःचीही, ICMR च्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमावलीत ते स्पष्ट आहे, म्हणून आदल्या संध्याकाळी गाडी खाली करून आलेल्या आईबापाकडून सही नाहीतर अंगठा घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला मुलीकडे जायचं, तेव्हा ती एकटी असते, मोकळं बोलते. असं आमच्या प्रोटोकॉलमध्ये लिहिलं होतं.

त्या दिवशी आई फडात गेलीच नव्हती. एका दिवसाचा खाडा म्हणजे मुकादमाचं बोलणं आणि उचलीतून पैसे कमी, तरी ती थांबली होती. कोपीच्या तोंडाशी बसून होती आणि उठायला तयार नाही. "विचारा की मॅडम, माझ्याम्होरं विचारा, मलाबी कळू द्या." डिसेंबरचा मधला आठवडा होता, उन्हात बसलेलं बरं वाटायचं, पण ती मुलगी सावलीत, आत, ओढणी तोंडाला लावून. सोळा वर्षांची. दिवाळीतला ड्रेस होता, चमकीचा, आणि तो दोन्ही बाजूंनी पिना लावून आवळलेला.

मी नुसती ऐकायला गेले होते, मुलाखत आमची इन्व्हेस्टिगेटर घेत होती, ती स्वतः आष्टीकडची, तिची आई कोयत्यावर जाऊन आलेली. नववा का दहावा प्रश्न, शेवटची पाळी कधी आली. तळावर तारखा कुणाला माहीत नसतात, सणावर चालतं सगळं.

"पोळ्याच्या आधी आली होती."

पोळा म्हणजे श्रावणी अमावस्या, म्हणजे साडेतीन-चार महिने झाले. टॅबवर 'तीन महिन्यांपेक्षा जास्त' टिक केलं की आमचा फॉर्म पुढचे सगळे प्रश्न गाळून सरळ गरोदरपणाच्या भागावर उडी मारतो, तसं प्रोग्रामिंगच केलेलं होतं, मीच बसून केलेलं, कॉम्प्युटरवाल्या मुलाच्या शेजारी. गरोदरपणाची शंका आहे का. तपासणी केली का. कुठे. निकाल काय.

इथे एक सांगायला हवं की हा भाग आला की आमच्या सगळ्यांच्याच पोटात गोळा यायचा. कारण मुलगी अठराच्या खाली आणि गरोदर असं कळलं तर पॉक्सो या बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली ते पोलिसांना कळवणं बंधनकारक, मग ती लग्न झालेली असो वा नसो. त्यामुळे 'नाही' असं उत्तर आलं की आम्ही, खरं सांगते, सुटलो म्हणायचो.

मुलीने काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "दोनदा कार्ड केलं. एकदा गावाकडं, एकदा हितं. नाही म्हनतंय." (कार्ड म्हणजे गरोदरपणाची चाचणी.) मग जरा थांबून, "पन कार्डाचा काय भरवसा मॅडम. तुमच्याकडं दुसरी कसली तपासनी असंल तर करा ना. तिच्या बापाला नाही सांगितलेलं."

म्हणजे त्यासाठी थांबली होती ती.

मुलगी काही बोलली नाही. तिचा चेहरा मी बघितला, राग होता, पण शिळा, रोजचा झालेला. नंतर कळलं की ऑक्टोबरपासून आई तिच्याशी कामापुरतंच बोलत होती, शेजारच्या कोपीतली बाई तिला आडून आडून विचारून गेली होती आणि सीझन संपल्यावर ठरलेली सोयरीक आईनेच काहीतरी कारण सांगून लांबवली होती. कोपीत बाजूला बसायला जागाच नसते, आठ बाय दहात सगळं कुटुंब, त्यामुळे कुणाची पाळी आली आणि कुणाची नाही हे आख्ख्या टोळीला माहीत असतं.

फॉर्म पुढे गेला, निकाल निगेटिव्ह, भाग संपला. इन्व्हेस्टिगेटर माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "ताई, हिला खोकला किती दिवस आहे विचारू का?"

आणि मी म्हटलं, नको. प्रश्नावलीबाहेरचं काही विचारायचं नाही, डेटा बिघडतो, हा माझाच नियम, त्या दिवशी अजून पाच मुलाखती राहिल्या होत्या, ड्रायव्हर घाई करत होता. हे लिहिताना अजून लाज वाटते. ७४ प्रश्नांत खोकल्याचा एकही नव्हता. तो आमचा विषयच नव्हता ना, खोकला म्हणजे टीबीवाल्यांचा, आम्ही प्रजननवाले.

शेवटी वजन-उंची घ्यायची असते, बीएमआयसाठी. ती काट्यावर उभी राहिली तेव्हा बांगड्या हातातून घसरून कोपराशी गेल्या होत्या, तिने हात खाली सोडला तशा त्या खळ्कन मनगटावर आल्या. ३३ किलो. उंची १५०. मी आकडा लिहून घेतला आणि मग तो आकडा परत वाचला. आई म्हणाली, "वाळून चाललीया पोरगी, गेल्या सालला मोळी उचलायची ही." आणि मुलगी पहिल्यांदा आपणहून बोलली, "मला रात्री घाम येतो. गोधडी भिजती." मी इन्व्हेस्टिगेटरकडे बघितलं, ती माझ्याकडे बघतच नव्हती.

खोकला दसऱ्यापासून. संध्याकाळी अंग गरम. भूक नाही. हे सगळं तिने आईला सांगितलं होतं, आणि आईला भूक नाही, अंग गरम आणि पाळी नाही हे तिन्ही मिळून एकच काय ते कळलं होतं. चुकीचं तरी कसं म्हणायचं, आमच्या टॅबलाही तेच कळलं होतं की.

शरीरात चरबी एका मर्यादेखाली गेली की मेंदूच पाळीचा हुकूम थांबवतो, हे आम्हाला शिकवलेलं असतं. टीबीत वजन उतरतं हेही. दोन वेगवेगळ्या वर्षी, दोन वेगवेगळ्या सरांनी शिकवलेलं, ते एकत्र कधी ठेवलंच नाही. आणि फक्त माझंच असं नाही. सरकारचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ ला सुरू झाला, १० ते १९ वयासाठी, त्यात सहा विषय आहेत, पोषण, प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, हिंसा आणि अपघात, व्यसनं, मधुमेहासारखे असंसर्गजन्य आजार. संसर्गजन्य आजार त्या सहात नाही. तिकडे टीबीवाल्यांचे आकडे कित्येक वर्षं १५ च्या खालचे आणि १५ च्या वरचे असेच मांडले जायचे, म्हणजे हे वय बरोबर मधोमध कापलेलं. आणि याच वयात, वयात येताना, मोठ्या माणसांसारखा फुप्फुसाचा टीबी सुरू होतो, जो खोकल्यातून दुसऱ्याला लागतो. तिच्या कडेवर दोन वर्षांचा भाऊ दिवसभर.

पुढची धावपळ थोडक्यात सांगते. गावच्या आशाताई म्हणाल्या तळावरची माणसं माझ्या लोकसंख्येत नाहीत, पण आल्या मात्र, डबी घेऊन आल्या. पहिल्यांदा मुलीने दिली ती नुसती थुंकी, खोल श्वास घेऊन छातीतून बेडका काढायचा हे तिला इन्व्हेस्टिगेटरने स्वतः खोकून दाखवलं, ती हसली, मी तिला हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळचा नमुना, तालुक्याला टीबी तपासायचं ट्रूनॅट मशीन (ते गोव्यात बनतं, हे मला तिथल्या टेक्निशियनने कौतुकाने सांगितलं), दुपारी फोन. टीबी आहे. रिफाम्पिसिनला दाद न देणारा नाही, म्हणजे साधा, सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होणारा.

संध्याकाळी तळावर जाऊन आईला सांगितलं. मी वाक्यं जुळवून गेले होते, घाबरू नका, औषध फुकट आहे, पोषण आहाराचे महिन्याला १००० रुपये मिळतात वगैरे. ती ऐकून घेत होती आणि मधेच म्हणाली,

"म्हंजी पोटात काई नाही ना?"

नाही.

"नक्की?"

नक्की. टीबी आहे, मावशी.

तिने पदर तोंडावर घेतला आणि हुंदके द्यायला लागली, आणि मला वाटलं टीबीचं ऐकून, पण ती म्हणत होती देवच पावला, देवच पावला. टीबी झाला म्हणून देवाचे आभार मानणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. पाचेक मिनिटांनी डोळे पुसून विचारलं, "हे लग्नात सांगावं लागतं का?"

मुलगी तिथेच भांडी घासत होती. एकदाही मान वर केली नाही.

औषध सुरू झालं. लघवी लालसर होते हे सांगितलं होतं तरी चौथ्या दिवशी आईचा फोन आलाच, "मॅडम, पाळी आली वाटतं हिला", नाही मावशी, ती गोळी आहे. टीबीच्या प्रत्येक पेशंटची एचआयव्ही आणि शुगर तपासतात, त्यातलं एचआयव्ही ऐकून परत गोंधळ, परत संशय, परत समजूत. दोन्ही निगेटिव्ह. भावाला तपासलं, टीबी नव्हता, त्याला प्रतिबंधाची गोळी सुरू केली. एप्रिलला टोळी गावी निघाली तेव्हा निक्षयवर (सरकारची टीबी पेशंटची ऑनलाइन नोंद) तिचं नाव बीडला ट्रान्सफर केलं, तीन फोन लागले, पण झालं.

आम्ही फॉर्म बदलला. खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम, हे चार प्रश्न आता सगळ्यात आधी आणि गरोदरपणाच्या भागाकडे जाणारी ती उडी काढून टाकली. नीतिमत्ता समितीची मंजुरी यायला इतका वेळ लागला की तोवर अर्ध्या टोळ्या परत गेल्या होत्या. त्यांना विचारायचं राहिलंच.

मे महिन्यात तिचा फोन आला, आईच्याच मोबाईलवरून. वजन ४१, आशाताईंच्या काट्यावर. खोकला नाही. मग थोडा वेळ गप्प.

"ताई, आली."

"अगं वा! आईला सांगितलंस?"

"नाही."

"का गं?"

"कळू दे तिचं तिला."