मार्लो मऊ पडला म्हणे

मंगळवार, रात्रीचे पावणेदोन

अण्णांना आत्ता कुठे डोळा लागलाय. ऑक्सिजनच्या मशीनची घरघर इतकी अंगवळणी पडलीय की लाइट गेली आणि ती थांबली की मीच दचकून उठते. झोप येत नाही म्हणून अमेरिकन रहस्यकथाकार रेमंड चँडलरचं 'द लाँग गुडबाय' काढलं, तिसऱ्यांदा वाचतेय. कॉलेजात असताना खून कुणी केला एवढ्यासाठीच वाचलं होतं, पण आज पानापानाला एकच गोष्ट डोक्यात येतेय, हा माणूस हे लिहीत होता तेव्हा त्याच घरात त्याच्या बायकोचा श्वास दिवसेंदिवस अपुरा पडत चालला होता.

सिसी. त्याच्याहून १८ वर्षांनी मोठी, पियानो छान वाजवायची. त्याच्या आईला हे लग्न पसंत नव्हतं म्हणून दोघं थांबले, १९२३ च्या सप्टेंबरात आई गेली आणि १९२४ च्या फेब्रुवारीत लग्न केलं. तेव्हा तो लॉस एंजेलिसला तेल कंपनीत होता, चांगला व्हाइस प्रेसिडेंट वगैरे झाला, मग दारू आणि दांड्या, आणि १९३२ साली ऐन मंदीत नोकरी गेली. चाळिशी उलटलेली, हातात काही नाही. तर हा गडी दहा-वीस सेंटांची रहस्यकथांची मासिकं आणून त्यातल्या दुसऱ्यांच्या गोष्टी स्वतःच्या शब्दांत परत लिहून बघायला लागला, शाळकरी पोरासारखा! पहिल्या कथेला ५ महिने लागले, १९३३ च्या डिसेंबरात 'ब्लॅक मास्क' मासिकात छापून आली आणि हातात पडले १८० डॉलर. पहिली कादंबरी 'द बिग स्लीप' आली १९३९ ला, म्हणजे पन्नाशीत.

त्याच्या लिहायच्या पद्धतीवर माझा फार जीव आहे. पिवळे कागद अर्धे कापून घ्यायचा आणि आडवे टाइपरायटरला लावायचा, एका तुकड्यावर जेमतेम बारा-पंधरा ओळी. त्यामुळे एखादी ओळ बिघडली तर तेवढा तुकडाच नव्याने टाइप करायचा, आणि एवढ्याशा जागेतसुद्धा काहीतरी चमक दिसलीच पाहिजे असा त्याचा हट्ट. दिवसाचे चार तास राखून ठेवायचे, त्यात लिहिलंच पाहिजे असं नाही, खिडकीबाहेर बघत बसलं तरी चालेल, पण दुसरं काहीही करायचं नाही. हे चार तास त्याला कॅलिफोर्नियातल्या ला होया गावच्या त्या घरात शेवटच्या वर्षांत कसे मिळाले असतील? मला अण्णांची औषधं, वाफ, पातळ खिमट यातून अर्धा तास सलग मिळत नाही.

आणि मग ते त्याची पुस्तकं प्रकाशकांकडे नेणाऱ्या एजंटचं प्रकरण. १९५२ ला त्याने 'लाँग गुडबाय'चा पहिला खर्डा पाठवला तर तिकडून काय आलं, की मार्लो फार हळवा झालाय. फिलिप मार्लो, त्याच्या कादंबऱ्यांचा नायक, दिवसाला २५ डॉलर आणि वर खर्च एवढ्यावर काम करणारा, मार खाणारा, कुणापुढे न वाकणारा डिटेक्टिव्ह, तो मऊ पडला म्हणे! चँडलरने खर्डा परत मागवला, पुन्हा लिहिला आणि पुढे ती एजन्सीच सोडली. मला मनापासून वाटतं की तो मऊपणाच त्या पुस्तकाचा प्राण आहे. एका मोडलेल्या दारुड्या मित्रासाठी मार्लो जेलमध्ये जातो पण तोंड उघडत नाही, आणि पुढे तो मित्र गेल्यावर त्याच्या नावाने कॉफीचा कप भरून समोर ठेवतो, ते मी आज चारदा वाचलं. घरात रोज थोडं थोडं दूर जाणारं माणूस असल्याशिवाय असं सुचत नाही.

सिसी १९५४ च्या डिसेंबरात गेली. त्यानंतर तो पार कोसळला, जीव द्यायचाही प्रयत्न केला, १९५९ ला गेला आणि दफनाचं काही लिहून न ठेवल्यामुळे एकटाच पुरला गेला. तिच्या अस्थी सॅन दिएगोतच दुसरीकडे पडून होत्या, थेट २०११ पर्यंत. शेवटी चाहत्यांनी कोर्टातून परवानगी आणली आणि १४ फेब्रुवारीला त्या त्याच्याशेजारी ठेवल्या.

मार्लो रात्री एकटाच बुद्धिबळाचा पट मांडून बसतो. संध्याकाळी अण्णांना ते वाचून दाखवलं, लहानपणी बाबुराव अर्नाळकरांची पुस्तकं दप्तरात लपवून नेणारा माणूस, लगेच म्हणाले उद्या आपणही मांडू, मी चाल सांगतो तू सरकव. पट माळ्यावरून काढून पुसून ठेवलाय. एक काळं प्यादं कधीचं हरवलंय, त्याच्या जागी अण्णांच्या जुन्या कोटाचं बटण लावतो आम्ही, ते सापडलं पिशवीच्या तळाशी.