दरड सुटते कुठे ते कळलं, पण येते कुठवर? नकाशा करतानाचा माझा अनुभव

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी आंबेगाव तालुक्यातल्या एका खोऱ्याचा दरडीचा धोका-नकाशा केला, अर्धं काम पुण्यात कॉम्प्युटरवर आणि अर्धं तिकडे ओढ्याओढ्यांनी फिरून. माळीण याच तालुक्यातलं. ३० जुलै २०१४ ला तिथं दरड कोसळून दीडशेहून जास्त माणसं गेली, त्यामुळे विषय कुठला घ्यायचा हा प्रश्नच नव्हता.

इस्रोच्या भुवन पोर्टलवरून कार्टोसॅट उपग्रहाचा ३० मीटरचा डीईएम (म्हणजे जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा, एक चौकोन ३० मीटरचा) घेतला, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उताराचा नकाशा काढला तर वरचे कडे लालभडक, म्हणजे तीव्र उताराचे, आणि वाडी मात्र हिरवी, सपाट. मॅडम म्हणाल्या, "अगं, उतार बघून थांबू नकोस, वरची घळ कुठे उतरते ते बघ." आणि खरंच, आपल्याकडे वाड्या बऱ्याचदा ओढ्याच्या तोंडाशी पसरलेल्या सपाटीवरच असतात, पाणी जवळ, भातखाचरं जवळ, पण ती सपाटी कधीकधी माती-दगडांच्या जुन्या लोंढ्यांनीच आणून टाकलेली असते. कड्याखाली साचलेल्या मातीत आणि मुरमात पाणी मुरत राहतं, खालचा बेसॉल्ट ते पटकन आत घेत नाही, मग मातीतल्या पाण्याचा दाब वाढतो, पकड सुटते आणि सगळं घळीत शिरून दगड-झाडं ओढत खाली येतं.

वाडीजवळ ओढ्याने कापलेला एक काठ आहे. तिथं तांबड्या मातीत मुठीएवढे आणि बैलाएवढे दगड एकत्रच अडकलेत, कडा धारदार, थर असा कुठेच नाही. नुसत्या पाण्याने वाहून आणलेले असते तर गोलसर झाले असते, थराथराने बसले असते. तिथल्या एका आजींनी अंगणामागचा धोंडा दाखवला, "ह्यो हितला न्हाय बाई, सासऱ्यांच्या बापाच्या वक्ताला वरनं आला." अशी माहिती कुठल्या सॅटेलाइटमधून मिळणार?

मग फ्लो-आर चालवलं, म्हणजे लोंढा कुठवर पोचेल याचा अंदाज देणारं सॉफ्टवेअर. त्यात लोंढा सुटल्या जागेपासून थांबल्या जागेपर्यंतच्या सरळ रेषेचा आडव्याशी होणारा कोन द्यावा लागतो आणि सगळी मेख तिथंच आहे, कारण ३०० मीटर उंचीवरून सुटलेला लोंढा २० अंश धरला तर साधारण सव्वाआठशे मीटरवर थांबतो आणि ११ अंश धरला तर दीड किलोमीटर ओलांडतो. पुस्तकातला आकडा तसाच उचलण्यापेक्षा मी जुन्या धोंड्यांपासून वरच्या घळीपर्यंतचा कोन मोजून तो वापरला. ३० मीटरच्या डीईएममध्ये अरुंद घळी गायबच होतात, म्हणून त्या जीपीएस घेऊन चालत जाऊन आखल्या. माझ्या मते हे चालणं टाळून केलेला नकाशा गावाला देऊच नये.

पावसाळ्याआधी ग्रामपंचायतीत मोठी प्रिंट लावली, त्यावर शेतांना लोक म्हणतात तीच नावं टाकली. शाळा लोंढ्याच्या वाटेत येते हे स्पष्ट सांगितलं. सरपंचताईंनी लगेच विचारलं, "मग रात्री पाऊस वाढला तर आम्ही जायचं कुठं?" आता तेच शोधतेय. डोंगराच्या सोंडेवरची एक जागा चांगली वाटली होती, वर घळ नाही, माती पातळ, पण तिथं जायची वाट ओढा ओलांडून जाते, म्हणून ती बाद केली आणि आता अलीकडच्या अंगाची जागा तपासतेय.