आमची वाटचाल : पहिल्या मशीनचा लळा

आमची फर्म छोटी, पाऊच पॅकिंगची मशीन बनवतो. सुरुवात एकाच मॉडेलवर झाली, डिझाइन माझं, वेल्डिंगपण बरंचसं माझ्याच हातचं. पहिलं पाऊच नीट सील होऊन खाली पडलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं.

पुढे कस्टमरची गरज बदलली. त्यांना छोट्या बॅच हव्या होत्या, आणि आमच्याकडे पाऊचची साइज बदलायची तर फॉर्मिंग कॉलर (फिल्मला पाऊचचा आकार देणारा भाग) काढा, नवी बसवा, सीलिंगचे जॉ (पाऊच दाबून बंद करणाऱ्या पट्ट्या) परत सेट करा, यात अर्धा दिवस जायचा. ऑर्डरी आटल्या तरी मी त्याच मशीनवर पैसा ओतत राहिलो, कधी नवी मोटर कधी नवं पॅनल, आणि याला मी जिद्द समजत होतो. जिद्द आणि लळा आतून अगदी सारखेच वाटतात हो, तिथेच घोळ होतो. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं होतं की जेवढा आनंद मिळवल्याचा होतो त्याहून जास्त तेवढंच गमावल्याचं लागतं. मी हे वाचलेलं होतं, पण स्वतःचं मशीन समोर असलं की वाचलेलं आठवत नाही.

मग एक दिवस असेंब्लीतल्या एका मुलाच्या ड्रॉवरमध्ये फडक्यात गुंडाळलेला क्लॅम्प सापडला, भंगारातल्या पट्टीचा, कॉलर काही मिनिटांत बदलता येईल असा. आठ महिने तसाच पडून होता. का नाही दाखवलास विचारलं तर म्हणाला, "सर, मशीन तुमचं आहे ना." त्या रात्री झोप लागली नाही. माझ्या प्रेमाची त्याला भीती वाटत होती!

१९८५ मध्ये इंटेलचे अँडी ग्रोव्ह मेमरी चिपच्या धंद्यात असेच अडकले होते, तेव्हा त्यांनी कंपनीचे तेव्हाचे सीईओ गॉर्डन मूरना विचारलं की आपल्या जागी नवा सीईओ आला तर काय करेल? उत्तर आलं, मेमरी सोडेल. मीपण पार्टनरला हेच विचारलं, तिने एक सेकंद पण घेतला नाही.

जुनं मॉडेल बंद केलं, नवं त्या क्लॅम्पभोवती उभं केलं, आणि डिझाइन आता तोच मुलगा बघतो. मागच्या महिन्यात एका नवीन मुलीने सगळ्यांसमोर सांगितलं की क्लॅम्पचा खटका सैल होतोय. त्याचा चेहरा पडला, दोन दिवस गप्प होता, मी काहीच बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसलेला दिसला, मध्ये ड्रॉइंग पसरलेलं, पेन्सिल तिच्या हातात.